झोक्यावर घेतलेलं नाव

मुक्काम कडा, माघ वद्य ३, शके १८४०

पंडितदादास, गहिनीनाथाचा रामराम.

ज्या घटकेला अंजनाने झोक्यावरून माझं नाव घेतलं, त्या घटकेला माझं सगळं पालटलं. त्याआधीचा गहिनीनाथ कोण होता ते मला सांगता येणार नाही, सांगावंसं वाटतही नाही. असेल कुणी तरी पोळ्याला बैलाची शिंगं रंगवून खूश होणारा.

तीन श्रावणांपूर्वीची पंचमी. वेशीबाहेरच्या लिंबाला झोका बांधलेला. हिरवं लुगडं नेसून अंजना झोक्यावर, आणि खाली बायकांचा घोळका हातात डहाळ्या घेऊन उभा. नाव घेतल्याशिवाय उतरू देत नव्हत्या. तिने मान खाली घातली आणि हळूच, एकदाच, म्हणाली, "गहिनीनाथ." बस. एवढ्या एका शब्दावर मी पुण्यात अडीच वर्षं काढली.

कॉलेज सोडलं हे तुला कळलंच असेल. बाप कळवायला चुकणार नाही. पश्चात्ताप बिलकुल नाही. तिथले प्रोफेसर तर्कशास्त्र शिकवतात आणि छत्री घ्यावी की नाही ते घरी बायकोला विचारतात. त्यांच्या परीक्षेला बसून मी काय होणार होतो? कारकून? (तुला लागलं तर लागू दे.)

खरा राग वेगळाच आहे. पौषात घरी आलो तर आश्रुबाकाकांच्या ओसरीवर परळीकडचे सोयरे बसलेले. अंजनाचं लग्न बघतायत! थोरले काका म्हणून पुतणीची काळजी वाहतायत, ठीक. दोन साथींनी आणि घरातल्या मरणांनी तिचं लग्न आधीच लांबलंय, तेही ठीक. पण जिने चारचौघांत एकाचं नाव घेतलं तिला दुसरीकडे उजवायचं, आणि गावाला त्याचं काही वाटू नये? म्हाळूला विचारलं, तो आश्रुबाकाकांचा सालगडी, त्या दिवशी दोर त्यानेच बांधला होता. तर तो डोकं खाजवत म्हणतो, "त्या साली झोका कुठं व्हता जी? लई पाऊस व्हता." पाऊस! आभाळ स्वच्छ होतं. या लोकांची डोकी म्हणजे गळके रांजण. वर ओता, खाली चिखल.

आता तू ये. तू माझ्या शेजारी उभा होतास. नाव ऐकून मला कोपराने ढोसलंस, "बे, लागली तुझी लॉटरी" म्हणालास. तेवढंच आश्रुबाकाकांपुढे सांग. कोर्टात रोज दुसऱ्यांच्या गवाह्या लिहितोस, एक भावासाठी दे.

तुझा,
गहिनीनाथ


बीड, माघ वद्य ११

बे गहिन्या,

आशीर्वाद. कारकून म्हणालास ते लागलं नाही, खरंच आहे. पण तुझ्या गवाहीला मी येणार नाही, कारण मी तिथे नव्हतो.

त्या श्रावणात मी इथे बीडला वकीलसाहेबांच्या घरी तापाने पडलो होतो. आत्याने, म्हणजे तुझ्या आईने, म्हाळूबरोबर काढ्याची पुडी धाडली होती. देव तिला शांती देवो, ती असती तर तिनेच तुला सांगितलं असतं. मी कड्याला आलो तो तुला नगरपर्यंत पोचवायला, आणि ही झोक्याची कथा तू मला बैलगाडीत सांगितलीस. धानोऱ्याच्या चढावर. मी तुला ढोसलं ते तेव्हा, लॉटरीचंही तेव्हाच बोललो असेन. तू तो माझा कोपर उचलून लिंबाखाली नेऊन ठेवलास.

रागावू नकोस, एक ऐक. मागे आमच्याकडे बैलचोरीचा खटला होता. एका म्हाताऱ्याने पहिल्या जबानीत सांगितलं, चोरीला गेलेला बैल काळा. दीड वर्षाने मुनसिफापुढे कसम खाऊन म्हणाला, तांबडा. समोरचा वकील ओरडला, किती खाल्ले? म्हातारा रडायला लागला. त्याने काही खाल्लं नव्हतं. बैल गेल्यावर मालकाने तांबडा घेतला, आणि म्हातारा दीड वर्षं रोज त्या दावणीला तांबडाच बघत आला. काळा कधी पुसला गेला ते त्यालाही कळलं नाही. खोटं बोलणारा माणूस निदान खरं काय ते जाणून असतो. या म्हाताऱ्याकडे तेवढंही उरलं नव्हतं.

मातीची भिंत बायका दर सणाला पोतारतात. दहा सालांनी त्या भिंतीत पहिली माती किती आणि पोतारा किती, कोण सांगणार? आठवण तू जितक्या वेळा सांगितलीस तितके हात तिच्यावरून फिरले. पुण्यात खोलीतल्या सोबत्यांना किती वेळा सांगितलीस?

आश्रुबांशी भांडू नकोस. आधी नीट चौकशी कर.

पंडित


मुक्काम कडा, फाल्गुन शुद्ध ५

दादा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला हसू आवरेना. तू तिथे नव्हतास! तुझ्या अंगावर तो चौकड्याचा सदरा होता तोही मला दिसतोय. कोर्टाच्या शाईने तुझा मेंदू सडवला आहे. आणि वर मला बैल आणि भिंती शिकवतोस. म्हातारा, बैल, भिंत! अरे, मी म्हातारा नाही आणि अंजना बैल नाही. ज्याच्यावर जीव जडला त्याचं कुणी विसरतं का? विसरतात ते ज्यांना काही वाटत नाही ते. या गावाला कशाचंच काही वाटत नाही, म्हणून त्याला काही आठवत नाही. इतकं साधं आहे.

चौकशी कर म्हणालास, केली. आणि जिंकलो.

शेजारची छबुबाई. तोंडात दात नाही, पण ऐक. आधी ती म्हणाली, "दोर तुटला व्हता त्या दिशी, पोरगी पडली." मी म्हटलं, झालं, ही पण गेली. मग मी विचारलं, नाव कुणाचं घेतलं? तर पदर तोंडाला लावून हसली. "आता काय इचारतूस बाबा. तुजंच की. समद्या गावानं ऐकलं." ऐकलंस? समद्या गावाने! पुढे आपणहून म्हणते, "पोरगी दरसाल श्रावणात उपास धरते तुज्यापायी. पान्यावर राहते." दादा, मी ओट्यावरून उठलो तो थेट ओढ्यापर्यंत चालत गेलो. ती माझ्यासाठी श्रावणी सोमवार धरत होती आणि मी पुण्यात खाणावळीत बसून वरण पातळ आहे म्हणून तक्रार करत होतो!

आणि का धरणार नाही? तिने नाव घेतलं ते काही चोरून नव्हे. पिवळ्या लुगड्यात ती झोक्यावर उभी होती आणि सरळ माझ्याकडे बघून दोनदा म्हणाली. दोनदा! ज्यांना ऐकू आलं नाही ते बहिरे.

त्याच पावलाने आश्रुबाकाकांकडे गेलो. भांडायच्या तयारीने गेलो, पण त्यांनी भांडूच दिलं नाही. "ये, ये गहिनीनाथा. तू घरचाच. तुला काय दारात थांबायचं?" म्हणून आत नेलं. हुरडा पुढे केला. मी म्हटलं, काका, लग्नाचं काय ते बोला. तर म्हणाले, "तुज्याबिगर हितलं पान हलायचं न्हाई. हक्काचा माणूस तू. वैशाखात उरकू." आत अंजना होती. बांगड्या वाजल्या.

आता बोल. वैशाखात! परळीकरांना त्यांनी परत धाडलेलं दिसतंय. तू आहेराचं लुगडं बीडहून आण, आणि गवाहीचं विसर. तसाही तू विसरण्यात पटाईत आहेस.

गहिनीनाथ


बीड, फाल्गुन वद्य २

गहिन्या,

लुगडं आणायला मी परवा पेठेत गेलो होतो. तुझ्याचसाठी. तिथे परळीचा एक तरणा माणूस बापाबरोबर लग्नाचा बस्ता बांधत होता. राधाकिशन नाव. देखणा आहे, उगाच बोलत नाही. दुकानदाराने विचारलं, मुलगी कुठली? बाप म्हणाला, कड्याची. आश्रुबांची पुतणी. वैशाखात आहे.

हे वाचून पत्र फाडू नकोस, पुढे वाच.

आश्रुबा तुला फसवतोय असं मला वाटत नाही. तो माणूस बारा भानगडींत असेल, पण घरात घेऊन हुरडा चारून दगा देणारा नव्हे. मग तो तुला हक्काचा कशावरून म्हणतो? हे मी रात्रंदिवस डोक्यात घोळवलं. अखेर वकीलसाहेबांकडे भाकऱ्या करते त्या केसरबाईला विचारलं, की बाई, पंचमीच्या झोक्यावर लग्न न झालेली पोर कुणाचं नाव घेते? ती माझ्याकडे असं बघायला लागली जसं मी विचारलं, सूर्य कुठून उगवतो. म्हणाली, "भावाचं. दुसऱ्या कुणाचं घेईल? लग्न झालेली नवऱ्याचं घेते. आदल्या दिवशी चतुर्थीचा उपास असतो भावासाठी, तो सोडायचा म्हणून भाऊ लागतो."

गहिन्या, तुला सख्खी बहीण नाही. तुझ्यासाठी चतुर्थी कुणी धरली नाही, म्हणून तुझ्या ध्यानात राहिलं नसेल. पण लहानपणी आपण त्याच लिंबाखाली उभे राहून तुझ्या चुलत बहिणींच्या तोंडून आपली नावं ऐकली आहेत. पोरी ओरडायच्या आणि आपण शेंगा मागायचो. तुला हे माहीत होतं. कुठे गेलं?

अंजनाचा भाऊ सटवा कोणत्या साली गाठीच्या साथीत, प्लेगात, गेला, ते जरा मोज.

आणखी एक. माघात तिचं लुगडं हिरवं होतं, मान खाली होती, नाव एकदा. फाल्गुनात लुगडं पिवळं, नजर वर, नाव दोनदा. चैत्रात ती तुझ्या गळ्यात हार घालेल. हसण्यासारखं आहे, पण मला हसू येत नाही.

पंडित


मुक्काम कडा, फाल्गुन वद्य ६

पंडितराव,

दादा लिहिण्याची लायकी तुम्ही घालवलीत.

परळीकरांनी तुम्हाला काय पाजलं? स्वयंपाकिणीला विचारून माझ्या आयुष्याचा निकाल देता! भाकऱ्या थापणाऱ्या बाईने सांगायचं की अंजनाच्या मनात काय होतं, आणि कारकुनाने ते उतरवून घ्यायचं. वा रे न्यायासन. तुमच्या त्या म्हाताऱ्याला बैल आठवला नाही, तुम्हाला तुमचा सदरा आठवला नाही, म्हाळूला झोका आठवला नाही, आणि खोटा ठरणार कोण? तर ज्याला सगळं आठवतं तो! आंधळ्यांनी डोळसाला दृष्टिदोष आहे म्हणून सांगण्यातला प्रकार.

आणि पंचमी पंचमी काय लावलं आहे? ती पंचमी नव्हतीच. चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं ते. कैऱ्या होत्या, पन्हं होतं, ऊन होतं. म्हणून तर म्हाळूचा पाऊस खोटा. ती झोक्यावरून उतरली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि नाव घेतलं. बायका टाळ्या वाजवत होत्या. सटवाचा इथे काय संबंध?

मला तुमचं पत्र नको आणि लुगडंही नको.

गहिनीनाथ


बीड, चैत्र शुद्ध ३, शके १८४१

गहिन्या,

माघातल्या पत्रात पंचमी होती. तुझ्याच हाताने लिहिली होतीस. मी पुरावा म्हणून सांगत नाही, त्या बैलवाल्या म्हाताऱ्याचं तोंड डोळ्यांपुढून जात नाही म्हणून सांगतो.

मला शिव्या दे, चालेल. पण भांडण माझ्याशी नाही. दुसऱ्या कुणाला विचारू नकोस, गावाला नको, मलाही नको. भर दिवसा, माणसांदेखत, आश्रुबांच्या घरी जा आणि तिलाच विचार. ती सांगेल ते एकदा ऐक. मग वाटलं तर सगळ्यांना जाळ.

लुगडं आणून ठेवलं आहे. नको म्हणालास तरी दुकानदार परत घेत नाही.

पंडित


मुक्काम कडा, चैत्र शुद्ध १२

दादा,

गेलो होतो. भर दिवसा, माणसांदेखत, जसं तू म्हणालास तसं. तू बरोबर निघालास याचा मला मनस्वी तिटकारा आहे, पण तुला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. आधीच्या पत्राबद्दल काही लिहीत नाही, तू समजून घे.

आश्रुबाकाका ओसरीवर दोर वळत होते. छबुबाई दाराच्या आतल्या बाजूला मसाल्याचं निवडत बसलेली. मी सरळ आत जाऊन म्हटलं, मला अंजनाशी बोलायचंय. कुणालाच वावगं वाटलं नाही. ज्याच्याशी लग्न व्हायचं त्याला कुणी असं आत जाऊ देतं का?

ती आली. हात हळदीने पिवळे. लग्नाचा मसाला. मी विचारलं, झोक्यावर नाव घेतलंस ते आठवतं का? ती म्हणाली, "आठवतंय की, दादा."

दादा. जसं रोज म्हणत आली असावी तसं म्हणाली. अडीच वर्षं माझ्या आठवणीत ती बोलत होती, पण हा शब्द तिच्या तोंडी मी एकदाही येऊ दिला नव्हता.

मग तिने सगळं सांगितलं. मी विचारलं नसतं तरी सांगितलं असतं, इतकं तिला ते प्रिय आहे. "सटवाला जाऊन दोन म्हैने झालते. मी झोक्यावर बसत नव्हते, छबुमावशीनं ओढून बसवलं. बाया डहाळ्या मारायल्या, भावाचं नाव घे म्हणून. मी घेऊ कुणाचं? मला रडू आलं. तुमी समोर व्हता, तुमचं घेतलं."

लाजून खाली घातलेली मान ती. ती रडत होती, दादा. मी तिच्या रडण्यावर सोबत्यांच्या टाळ्या घेतल्या.

मी विचारलं, आणि मी काय केलं? छबुबाई सुपातून मान वर न करता म्हणाली, "तू दात काढलेस. मी इचारलं, कबूल हाय का रं? तर म्हनला, हाय की, आजपास्नं भन माझी." आणि अंजना म्हणाली, "त्या दिशी घरी येऊन मी पोटभर जेवले. सटवा गेल्यापास्नं पहिल्यांदा."

लुगडं कोणत्या रंगाचं होतं, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

आता तुला सगळ्यात घाण गोष्ट सांगतो. ती सांगत असताना मला दिसायला लागलं. माझं तोंड, "भन माझी" म्हणणारं. छबुबाईचा हात माझ्या पाठीवर. आणि हे घडलं होतं म्हणून दिसतंय की तिने सांगितलं म्हणून, हे मला सांगता येत नाही! जे स्वतःचं म्हणून इतकी वर्षं जपलं ते खोटं, आणि जे खरं ते उसनं. मी गावाला गळके रांजण म्हणालो. म्हाळूला पाऊस आठवत होता, छबुबाईला तुटलेला दोर, आणि ती दोघं जे हरवायचं ते हरवून मोकळी होती. माझ्या डोक्याने हरवलेल्या जागी नवं रचून बसवलं, रंग दिला, तारीखसुद्धा बदलली, आणि मला कळू दिलं नाही. असा नोकर असता तर मी त्याला एक दिवस ठेवला नसता. याला मात्र खांद्यावर घेऊनच फिरायचं आहे.

आश्रुबाकाका दोर टाकून आत आले. म्हणाले, "बरं झालं आलास. बोलावनं धाडनारच व्हतो. कानपिळीला तू उभा राह्यला पायजे. भाऊ न्हाई म्हनून पोरीच्या मनाला लई लागलं व्हतं. परळीवाल्यांना मी सांगितलंय, भाऊ हाय, पुन्याला शिकतो."

तुला माहीत आहेच, नवरदेवाचा कान नवरीचा भाऊ पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. तो मान आमच्या काकांनी माझ्यासाठी राखून ठेवला होता. हक्काचा माणूस!

सगळे माझ्याकडे बघत होते. अंजना तर अशी बघत होती की मी नाही म्हटलं असतं तर तिचा भाऊ दुसऱ्यांदा गेला असता. मला तिच्यावर संताप आला. इतकं मनापासून कुणी विश्वास ठेवावा, तोही माझ्यावर, हे मला सोसेना.

मी म्हटलं, "येईन. पण त्या राधाकिशनचा कान असा पिळीन की परळीपर्यंत बोंबलत जाईल."

आणि सगळे हसले. आश्रुबाकाकांनी मांडीवर थाप मारली. छबुबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, सूप हलायला लागलं. अंजना पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला बसावं लागलं. "बघा, हे असं बोलतेत," ती काकांना म्हणाली, जशी काही माझी खोड तिला जन्मापासून ठाऊक आहे.

मी थट्टा केली नव्हती, दादा. प्रत्येक शब्द मनापासून म्हणालो होतो. पण ते हसणं आता घडून गेलं. त्यांच्या घरात ते जन्मभर सांगितलं जाईल, लेकरांना सांगितलं जाईल, मामा असा, मामा तसा. दर वेळी थोडं जास्त गोड होईल. मी तिथे उभा राहून ते तयार होताना बघत होतो आणि मला तोंड उघडून एक शब्द बदलता येत नव्हता.

कुणी चहा ठेवा म्हणालं, कुणी बसा म्हणालं. मी बसलो नाही. बाहेर आलो आणि पाठीमागे दार लावून घेतलं.